आवाज वेळेवर का पोचत नाही? पापनाशमच्या एका खोलीतून ध्वनिमुद्रणाचा इतिहास



आजची गोष्ट तमिळनाडूतल्या पापनाशम या गावात सुरू होते. तंजावरहून कुंभकोणमला रेल्वेनं निघालात, की वाटेत हे स्टेशन लागतं. आजूबाजूला कावेरीच्या कालव्यांवर पोसलेली भातशेती. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना हे नाव पापनाशम शिवन यांच्यामुळे ठाऊक असतं. आपल्यासाठी मात्र या भागाची आणखी एक ओळख आहे. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांचं घराणं नांदलं. त्यांच्या आगेमागे आलेली मराठी कुटुंबं या मुलखात पसरली. त्यांतली काही आजही घरात मराठी बोलतात. ती मराठी आपल्याला जरा जुनी आणि जरा तमिळ वळणाची वाटते, पण पाच मिनिटांत कानाला सरावते.

माझा एक मित्र अशाच कुटुंबातला. त्याची आत्या पापनाशमला राहते, वय ऐंशीच्या पुढे. तिला पाळणे, आरत्या आणि भजनाच्या काही चाली येतात. तिच्या आजीकडून तिनं ऐकलेल्या. आम्ही ठरवलं, की हे सगळं नीट मुद्रित करून ठेवायचं. लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक चांगला माइक आणि हेडफोन घेऊन आम्ही मे महिन्यात तिथं पोचलो.

खिडक्या लावल्या. पंख्याचा आवाज माइकमध्ये येत होता म्हणून पंखा बंद केला. आत्यांनी दोन गाणी सुरेख म्हटली. तिसऱ्याच्या मध्येच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, म्हणून आम्ही थांबलो नाही. गाणं संपल्यावर ऐकून पाहिलं, तर जागोजागी टिक् टिक् असा आवाज, आणि शेवटच्या कडव्यात अर्धा शब्दच गायब. संगणक किती कामात आहे ते पाहिलं, तर वीस टक्केसुद्धा नव्हता. म्हणजे यंत्र जवळजवळ रिकामं बसलेलं आणि गाणं मात्र तुटलेलं!

आत्यांना पुन्हा म्हणायची विनंती केली. त्यांनी सुरुवात केली, दोन कडवी झाली आणि त्या थांबल्या. तिसरं कडवं आठवेना. म्हणाल्या, "मघाशी म्हटलं ना रे, तेच ठेव."

तेच तर ठेवता येत नव्हतं!

घरी गाणं मुद्रित करणाऱ्या प्रत्येकानं हा अनुभव कधी ना कधी घेतलाय. त्यावर सगळीकडून एकच सल्ला मिळतो, नवा संगणक घ्या. मला मात्र त्या दिवशी वाटलं, की हा प्रश्न येतो कुठून ते आधी समजून घ्यावं. आणि त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

गाणाऱ्यानं यंत्रासाठी थांबायचं

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मेणाच्या तबकडीवर घेतलं. त्या पद्धतीत वीज नव्हती. गाणाऱ्यानं मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या दाबानं सुई हलायची आणि मेणात खाच पडायची. तबकडी सुमारे तीन मिनिटांची. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा. मध्ये चूक झाली, की तबकडी बाद आणि गाणं पहिल्यापासून.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. या यंत्रात उशीर नावाचा प्रकारच नव्हता. आवाज निघाला त्याच क्षणी मेणावर उमटला. मध्ये साठवण नाही, हिशोब नाही, वाट पाहणं नाही. यंत्र दुबळं होतं, पण वेळेला पक्कं होतं. हे 'वेळेला पक्कं' असणं आपण पुढं कसं गमावलं, तीच आजची कथा आहे.

१९२५ नंतर विजेचा माइक आला, मग बोलपट आले. आता पापनाशम शिवन यांच्याकडे येऊ. त्यांचं मूळ नाव रामय्या, जन्म १८९० चा. थोरल्या भावाबरोबर ते पापनाशमला राहिले. अंगाला भस्म लावून भजनात रंगून जाणारा हा माणूस लोकांना साक्षात शिवासारखा दिसला, म्हणून 'पापनाशम शिवन' हे नाव पडलं. चित्रपटात त्यांचं पहिलं पाऊल पडलं ते १९३४ च्या 'सीता कल्याणम्' या तमिळ चित्रपटातून, आणि तो काढला होता आपल्या प्रभात फिल्म कंपनीनं. दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर. म्हणजे पापनाशमचं संगीत आणि मराठी माणसांचा कॅमेरा नव्वद वर्षांपूर्वीच एकत्र आले होते.

त्या काळी पार्श्वगायन रूढ झालं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचा, वाद्यं चौकटीबाहेर लपून वाजवायची आणि चित्र व आवाज एकदमच टिपले जायचे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूप छाँव' मध्ये गाणं आधी मुद्रित करून घेतलं आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून नटांना ओठ हलवायला लावले. सोय मोठी झाली. पण त्याबरोबर एक नवीन काळजी आली, दोन गोष्टींची वेळ जुळवण्याची. आधी मुद्रित झालेलं आणि आत्ता घडतंय ते, यांत फरक पडता कामा नये.

संगणकापुढं हेडफोन लावून बसलेल्या गायकाची काळजी नेमकी हीच असते.

दीड इंचाची अडचण

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय टेप सगळीकडे पसरली. अमेरिकेतले गिटारवादक लेस पॉल यांना घरच्या ध्वनिमुद्रणाचे पूर्वज म्हणायला हरकत नाही. हॉलीवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ते एकावर एक थर चढवत गाणी तयार करायचे. आधीचं वाजवायचं, त्यावर नवीन गिटार, मग त्यावर गळा. एका थरात चूक झाली, की आधीचे सगळे थर वाया.

यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या पट्ट्या असलेली टेप आली. पण तिथं उशीर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं समोर उभा राहिला. टेपच्या यंत्रात मुद्रण करणारं हेड वेगळं आणि ऐकवणारं हेड वेगळं, दोन्हींमध्ये थोडं अंतर. टेप सेकंदाला पंधरा इंच या वेगानं धावत असेल आणि दोन हेडमध्ये दीड इंच अंतर असेल, तर सेकंदाचा दहावा भाग उशीर. गायकाला आधीचा ठेका उशिरा ऐकू येणार, तो त्या उशिरावर गाणार आणि सगळं मिळून ऐकताना गाणं मागं पडलेलं दिसणार.

अँपेक्स कंपनीनं १९५० च्या दशकात यावर साधी युक्ती काढली. जे हेड मुद्रण करतं, त्यालाच जुन्या पट्ट्या ऐकवायला लावलं. अंतरच नाही, तर उशीर कुठला? या युक्तीला 'सेल-सिंक' म्हणत. तिच्यावर आधारलेलं आठ पट्ट्यांचं यंत्र १९५७ मध्ये लेस पॉल यांच्या घरी पोचलं.

म्हणजे लेटन्सी, अर्थात आवाज उशिरा पोचणं, हे काही संगणकाचं अपत्य नाही. टेपच्या काळात हे दुखणं इंचांत मोजता येत होतं आणि डोळ्यांना दिसत होतं. संगणकानं ते डोळ्याआड नेलं.

आवाजाचे तुकडे

संगणक आवाज सलग घेत नाही. एका सेकंदाचे हजारो नमुने घेतो आणि प्रत्येकाला एक आकडा देतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी हा वेग सेकंदाला ४४,१०० नमुने असा ठरला. हा विचित्र आकडा आला कुठून? त्या वेळी इतके आकडे साठवायला सोयीचं साधन म्हणजे व्हिडिओ टेप. चित्राच्या एका आडव्या रेषेत तीन नमुने, वापरण्याजोग्या २९४ रेषा आणि सेकंदाला ५० चित्रक्षेत्रं. गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतो. अमेरिकी पद्धतीच्या २४५ रेषा आणि ६० क्षेत्रं घेतली तरी तोच येतो.

आता हे नमुने एकेक करून हाताळणं संगणकाला परवडत नाही. तो त्यांचा एक गठ्ठा साठू देतो आणि मग तो एकदम उचलतो. या साठवणीच्या जागेला बफर म्हणतात. बफर समजून घ्यायला पापनाशमसारखी जागा नाही. तिथल्या तिरुप्पालैत्तुरै इथल्या पालैवननाथर मंदिरात नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं विटांचं धान्याचं कोठार आहे. उंची सुमारे ३६ फूट, तीन हजार कलम भात मावेल एवढं. 'कलम' हे तिकडचं धान्याचं जुनं माप.

कोठार कशासाठी असतं? पीक एकदाच येतं आणि खाणारी तोंडं रोज असतात, म्हणून. एखाद्या वर्षी कावेरीला पाणी उशिरा आलं, तरी मोठ्या कोठारामुळे चूल विझत नाही. कोठार लहान असेल, तर भात ताजा मिळतो, पण गाडी एक दिवस उशिरा आली तरी हंडी रिकामी. बफरचंही अगदी असंच आहे. मोठा ठेवला तर संगणकाला सवड मिळते, पण आवाज शिळा होऊन कानात पोचतो. लहान ठेवला तर आवाज ताजा मिळतो, पण संगणकाला क्षणभर जरी उशीर झाला, तरी हंडी रिकामी. ती रिकामी हंडी म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी टिक्.

आकडे बघा. ४४,१०० च्या वेगाला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद. ५१२ चा म्हणजे ११.६ आणि १,०२४ चा म्हणजे २३.२ मिलिसेकंद. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ५१२ चा बफर आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा लागतो, म्हणजे मिळून सुमारे २३ मिलिसेकंद. गायकाला स्वतःचाच आवाज आठ मीटरवरून आल्यासारखा ऐकू येतो. कीर्तनकार बुवा देवळाच्या गाभाऱ्यापाशी आणि त्यांच्या चिपळ्या मंडपाच्या टोकाला, अशी कल्पना करा. लय कशी राहणार?

एकमार्गी यंत्राचा सुवर्णकाळ

१९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून 'मिडी' ही पद्धत ठरली. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या घरगुती संगणकाला मिडीची भोकं आधीपासूनच बसवलेली होती. हा संगणक आवाज मुद्रित करत नव्हता. कुठला सूर कधी वाजवायचा, एवढीच सूचना वाद्यांना द्यायचा. आजच्या मोबाईलपुढं त्याची ताकद काहीच नव्हती. तरी संगीतकारांनी तो नव्वदच्या दशकातही जपून वापरला, कारण त्याची लय पक्की होती. आणि लय पक्की होती, कारण तो एका वेळी साधारण एकच काम करायचा. मागं इंटरनेट नाही, विषाणू शोधणारा प्रोग्रॅम नाही, अपडेट नाही.

भारतात १९८९ मध्ये ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराच्याच आवारात पंचतन रेकॉर्ड इन हा स्टुडिओ उभारला. 'रोजा'चं संगीत १९९२ मध्ये देशभर वाजलं आणि घरच्या अंगणातून सुद्धा मोठं काम निघू शकतं, हे आपल्याकडच्या संगीतकारांना दिसलं.

प्रत्यक्ष आवाज मुद्रित करणाऱ्या संगणकप्रणालीही याच सुमारास आल्या. डिजिडिझाइन कंपनीचं साउंड टूल्स १९८९ चं, प्रो टूल्स १९९१ चं. यांत संगणकाच्या भरवशावर न राहता आवाजाचा हिशोब करायला वेगळी कार्डं बसवलेली असत. कार्डाला दुसरं काम नाही, त्यामुळे ते वेळ चुकवत नसे. किंमत मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची.

मग १९९६ मध्ये हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनं क्यूबेस व्हीएसटी आणलं. वेगळं कार्ड नको, संगणकाचा स्वतःचाच प्रोसेसर प्रतिध्वनीपासून इक्वलायझरपर्यंत सगळं करेल, असा तो विचार. घरचं ध्वनिमुद्रण स्वस्त झालं ते इथून. पण याच क्षणी गाण्याला संगणकाच्या बाकीच्या कामांबरोबर एकाच रांगेत उभं राहावं लागलं.

रांगेतला वशिला

विंडोजमध्ये आवाज थेट साउंड कार्डाकडे जात नसे. वाटेत एक मिक्सर होता, गाणं, गेम, ईमेलची घंटा या सगळ्यांना एकत्र करणारा. घंटा वाजायला थोडा उशीर झाला तर कुणाचं बिघडत नाही, म्हणून त्या व्यवस्थेत घाई नव्हती. गायकाला मात्र ती ढिलाई परवडेना. १९९७ मध्ये स्टाइनबर्गनंच 'आसिओ' नावाची पद्धत काढली. तिनं मधल्या मिक्सरला वळसा घालून प्रोग्रॅमला थेट साउंड कार्डाशी जोडून दिलं. देवस्थानात दर्शनाची वेगळी रांग असते ना, तसं.

मॅकवर २००१ पासून कोअर ऑडिओ आलं. लिनक्सच्या लोकांनी तर मुळालाच हात घातला. ठरल्या वेळी काम झालंच पाहिजे, अशी हमी देणारा गाभा तयार करायला त्यांनी सुमारे दोन दशकं खर्च केली आणि २०२४ मध्ये ते काम लिनक्सच्या मुख्य गाभ्यात सामावलं गेलं. एवढी वर्षं का लागली? कारण सर्वसाधारण संगणक 'दिवसभरात जास्तीत जास्त काम' या हिशोबानं बनवलेला असतो. गाण्याला हवं असतं 'दर तीन मिलिसेकंदाला थोडंसं काम, पण न चुकता'. या दोन अगदी वेगळ्या मागण्या आहेत.

आता आत्यांच्या खोलीतल्या त्या वीस टक्क्यांचं कोडं सुटतं. तो आकडा सरासरीचा होता. एखादी एसटी महिनाभरात सरासरी वेळेवर असेल, पण तुमची परीक्षा होती त्याच दिवशी ती चुकली, तर त्या सरासरीचा तुम्हाला काय उपयोग? संगणकाचं तेच. सेकंदाचा बहुतेक वेळ तो रिकामा होता आणि नेमक्या त्या तीन मिलिसेकंदांत तो दुसऱ्याचं ऐकत बसला होता.

हा दुसरा कोण? बहुधा एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर. वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स, बॅटरी यांचे ड्रायव्हर विंडोजमध्ये पुढच्या रांगेत असतात. त्यांतल्या एकानं काम लांबवलं, की बाकीचे सगळे थांबतात, गाणंसुद्धा. हे पकडायला लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो दहा मिनिटं चालवून ठेवला, की सर्वांत जास्त वेळ कुठला ड्रायव्हर अडवून बसला, ते नावासकट सांगतो.

दुसरा संशयित म्हणजे वीज वाचवण्याची हुशारी. २००० च्या सुमारास लॅपटॉपच्या प्रोसेसरना काम नसताना वेग उतरवायची विद्या मिळाली. बॅटरीसाठी ती वरदान ठरली. पण झोपलेल्या प्रोसेसरला जागं व्हायला क्षणभर लागतो, आणि गाण्याजवळ तो क्षण नसतो.

तिसरा संशयित उष्णता. प्रोसेसर तापला, की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो.

पापनाशममध्ये तिन्ही एकदम जमले होते. वीज गेल्यामुळे लॅपटॉप आपोआप बचतीच्या सेटिंगवर गेला. मे महिन्यातली बंद खोली, पंखाही बंद. आणि वाय-फायचं राउटर बंद पडल्यामुळे लॅपटॉप पुन्हा पुन्हा नवीन जाळं शोधत राहिला. त्यात बफर मी ६४ वर ठेवलेला, आवाज ताजा हवा म्हणून. इतक्या लहान कोठारावर इतकी संकटं आल्यावर दुसरं काय होणार?

शोधायचा क्रम

या इतिहासातूनच दुरुस्तीचा क्रम मिळतो. खर्च नसलेलं आधी, खर्चाचं शेवटी.

पहिलं, बफर कामाप्रमाणे बदला. गाताना १२८ किंवा २५६, नंतर जुळवाजुळव करताना १,०२४. जुळवताना उशीर झाला तरी कुणी गात नसतं.

दुसरं, इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर ते वापरा. गायकाचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनला मिळतो. हीच अँपेक्सची युक्ती, उशीर कमी करण्यापेक्षा त्याची वाटच टाळायची. मग बफर मोठा ठेवायलाही भीती नाही. आमच्या आत्यांना तर हेडफोनच नको होता! तरीही मी ६४ वर हटून बसलो होतो, ही शुद्ध माझी चूक.

तिसरं, इंटरफेसच्या कंपनीनं दिलेला आसिओ ड्रायव्हर घाला. तो नसेल, तर आसिओ-फोर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर बऱ्याचदा काम भागवतो.

चौथं, चार्जर लावून ठेवा आणि पॉवर सेटिंग पूर्ण वेगाच्या पर्यायावर न्या. वाय-फाय व ब्लूटूथ बंद करा. मग लेटन्सीमॉन चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

पाचवं, इंटरफेस यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला जोडा. मुद्रण आतल्या डिस्कवर करा, आणि इंटरनेटवर आपोआप प्रती पाठवणारा फोल्डर असेल तर तो तेवढा वेळ थांबवा.

सहावं, प्लगइन जास्त झाले असतील तर तयार झालेले ट्रॅक 'फ्रीझ' करा. म्हणजे त्यांचा हिशोब एकदाच होतो आणि पुढं ते साध्या फाईलसारखे वाजतात. ९६,००० च्या वेगाचा मोहही टाळा. एका गळ्यासाठी ४४,१०० किंवा ४८,००० भरपूर आहे. वेग दुप्पट केला, की त्याच बफरमध्ये संगणकाला मिळणारी सवड निम्मी होते.

सातवं, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालून हवा खेळू द्या, आणि दोन गाण्यांच्या मध्ये पंखा लावा. गाणाऱ्यालाही बरं वाटतं.

हे सगळं करून टिक् राहिली, तरच नव्या यंत्राचा विचार करा.

चाल कुठं राहते?

आता प्रश्न असा, की एका टिक्साठी एवढा इतिहास कशाला?

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, हा संग्रह मोठ्या हौसेनं वाढवला. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार इकडे आले. त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तिकडच्या मंचावर गेले आणि अजून आहेत. या सगळ्यातले शब्द बऱ्याच अंशी कागदावर उतरले. चाल मात्र गळ्यातच राहिली. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची तेवढीच वाट होती. ती वाट आता आत्यांसारख्या थोड्या माणसांपाशी येऊन थांबलीय. पुढची पिढी चेन्नईत, बंगळुरूत, परदेशात. तिची घरातली भाषाही बदलत चाललीय.

अशा वेळी आपण स्टुडिओत दहा वेळा गाऊ शकणाऱ्या गायकाचं मुद्रण करत नसतो. ते कडवं कदाचित एकदाच येणार असतं. १९०२ च्या मेणाच्या तबकडीसमोर गाणारी माणसं जशी एकाच संधीत गात होती, तशीच आपली स्थिती. फरक इतकाच, की तिथं चूक झाली तर लगेच कळायचं. इथं घरी जाऊन ऐकल्यावर कळतं.

त्या तिसऱ्या कडव्याचं काय झालं, ते सांगतो आणि थांबतो. मित्राची मुलगी खिडकीत बसून मोबाईलवर सगळं मुद्रित करत होती, आम्हाला न सांगता. दुसऱ्या दिवशी तिनं ते ऐकवलं. रस्त्यावरच्या मोटारसायकलचा आवाज आहे, कावळा आहे, पण कडवं पुरं आहे. आत्यांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि त्याच्यावरून पुन्हा शिकल्यासारखं पूर्ण गाणं म्हटलं. या वेळी चार्जर लावलेला होता, बफर ५१२ वर होता, वाय-फाय बंद होतं. टिक् आली नाही. आम्ही दोन्ही मुद्रणं जपून ठेवलीयत, चांगलंही आणि कावळ्याचंही.

म्हणून आठवा आणि शेवटचा नियम. मुख्य यंत्राशेजारी दुसरं काहीतरी साधं यंत्र चालू ठेवा. साधा मोबाईलसुद्धा चालेल.

तुमच्या घरात अशी कुणी आत्या, आजी, मावशी असेल, तर नवा लॅपटॉप यायची वाट पाहू नका. आहे त्या यंत्राचं दुखणं ओळखा आणि या सुट्टीतच बसा. कुठली चाल मिळाली ते आम्हाला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.